रोजमेळापासून रिटर्नपर्यंत: सीमाभागातल्या एकट्या व्यावसायिकाने हिशेब कसा ठेवावा

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. आधार होता २०२१-२२ पासून त्यांच्या खात्यांत यूपीआयने आलेल्या पैशांचा. बेकरीवाले, किराणावाले, चहाच्या टपऱ्या, अगदी भाजीवालेही त्यात आले. धास्तीने कित्येकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशी पाटी लावली. पुढे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण यापुढे जीएसटी नोंदणी करून कर भरा, असं सांगितलं आणि वादळ शमलं.

त्या प्रकरणातून नव्या व्यावसायिकाने घ्यायची गोष्ट एकच आहे. खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. मेहुण्याने परत केलेले उसने पैसे, भिशीचा नंबर लागून आलेली रक्कम, करमाफ असलेल्या ताज्या भाजीची विक्री, हे सगळं बँकेच्या उताऱ्यात ‘जमा’ म्हणूनच दिसतं. कोणता रुपया कशाचा, हे दाखवायची वेळ आली की ते काम तुमचं असतं. क्यूआर काढून टाकल्याने ते टळत नाही. रोजच्या रोज लिहिलेल्या वहीने ते सोपं होतं.

हा लेख बेळगावच्या खडेबाजारात छोटं दुकान टाकणाऱ्यासाठी आहे, वडगाव-शहापुरात घरातून साड्या विकणाऱ्या ताईंसाठी आहे, उद्यमबागेत एका लेथवर जॉबवर्क करणाऱ्यासाठी आहे, आणि निपाणी, खानापूर, संकेश्वरात वायरिंग, शिवणकाम, मोटर रिवाइंडिंग करणाऱ्यांसाठीही आहे. थोडक्यात, जो स्वतःच मालक, स्वतःच नोकर आणि स्वतःच कारकून आहे त्याच्यासाठी.

पहिलं काम: पैशांच्या वाटा वेगळ्या करा

धंद्यासाठी वेगळं बँक खातं उघडा आणि दुकानातला क्यूआर त्याच खात्याला जोडा. दुकानाच्या नावाने चालू खातं हवं असेल तर बँक धंद्याचा पुरावा मागते. महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना आणि उद्यम नोंदणीचं (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदीचं) प्रमाणपत्र इथे उपयोगी पडतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

एकदा खातं वेगळं झालं की नियम कडक पाळा. मुलाची फी, घरचा गॅस, नातेवाइकांची देवाणघेवाण या खात्यातून नाही. घरखर्चाला पैसे लागतील तेव्हा ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळती करा आणि वहीत ‘मालकाची उचल’ असं लिहा. उचल हा धंद्याचा खर्च नव्हे. नफ्यातून तुम्ही घेतलेला तो तुमचा वाटा आहे. नवे लोक इथेच गोंधळतात. ‘महिनाभर राबलो, हातात काही उरलं नाही’ म्हणणाऱ्याची वही उघडली की कळतं, नफा झाला होता, तो घरी गेला होता.

दुसरं काम: रोजमेळ

रोजमेळ म्हणजे रोजच्या रोख जमा-खर्चाची वही. साऱ्या हिशेबाचा पाया हाच, म्हणून यावर थोडं थांबू. कोणतंही अ‍ॅप घेण्याआधी किमान तीन महिने दोनशे पानी वहीत हाताने लिहा. डावीकडे जमा (आलेले पैसे), उजवीकडे नावे (गेलेले पैसे). शटर ओढायच्या आधी दहा मिनिटं पुरतात. एका दिवसाचं पान असं दिसेल:

सकाळची हातशिल्लक: २,०००
रोख विक्री: ६,४५०
जुन्या उधारीची रोख वसुली: १,०००
एकूण जमा: ९,४५०

माल खरेदी, रोख: ३,२००
रिक्षाभाडं: १५०
चहा: ६०
पिग्मी (रोजची छोटी ठेव): २००
घरखर्चाला उचल: ५००
एकूण नावे: ४,११०

रात्रीची शिल्लक: ५,३४०

खाली वेगळ्या ओळीत: यूपीआय विक्री ४,७८०, उधार विक्री ९००. म्हणजे त्या दिवसाची एकूण विक्री ६,४५० + ४,७८० + ९०० = १२,१३०. वसुलीचे १,००० यात धरायचे नाहीत. तो माल ज्या दिवशी गेला त्या दिवशीच विक्रीत धरला गेला आहे. पुन्हा धरलात तर तीच विक्री दोनदा होते आणि कर भरायची वेळ आली की नसलेल्या धंद्यावर कर भरावा लागतो.

आता गल्ला मोजा. समजा ५,२९० निघाले. पन्नास कमी आहेत. खिशातले पन्नास टाकून मेळ बसवू नका, ‘तफावत ५०’ असं लिहा आणि दुसऱ्या दिवशी ५,२९० पासून सुरुवात करा. अधूनमधून तफावत येणं स्वाभाविक आहे. ती रोजच एकाच बाजूला येत असेल तर कुठेतरी काहीतरी लिहायचं राहतंय, किंवा गल्ल्याला दुसऱ्याचा हात लागतोय.

पिग्मीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागात ती जवळजवळ प्रत्येक दुकानात आहे. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही पद्धत सुरू केली आणि आज सोसायट्यांचे एजंट रोज संध्याकाळी गल्ल्यापाशी येतात. पिग्मीला दिलेले दोनशे रुपये गल्ल्यातून जातात म्हणून रोजमेळात नावे पडतात, पण ते खर्च नाहीत, तुमची बचत आहे. वर्षअखेरीला मिळालेली पिग्मीची रक्कमही उत्पन्न नाही, तिच्यावरचं व्याज तेवढं उत्पन्न. भिशीलाही हेच लागू. भिशीचे पैसे खात्यात आले की त्याच दिवशी वहीत ‘भिशी, विक्री नव्हे’ असं लिहून ठेवा. चार वर्षांनी कुणी विचारलं तर स्मरणशक्तीवर विसंबून राहता येत नाही.

लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आपली रीत आहे, ती जरूर पाळा. हिशेबाचं वर्ष मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. पुजलेल्या वहीत एप्रिलपासून लिहायला सुरुवात केली तर दोन्ही सांभाळता येतं.

बिलं आणि कागद

तुम्ही दिलेल्या बिलांना क्रमांक हवा आणि तो वर्षभर सलग हवा. एखादं बिल रद्द झालं तर फाडून टाकू नका, दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून बुकातच ठेवा. आलेली खरेदीची बिलं महिन्याप्रमाणे फाईलला लावा. मशीनवर छापलेली गुळगुळीत कागदाची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, म्हणून ती हातात पडताच मोबाईलवर फोटो काढा. रिक्षावाला, हमाल पावती देत नाहीत, तिथे स्वतःच व्हाउचर लिहा: तारीख, कशासाठी, किती, आणि घेणाऱ्याची सही.

पालिकेचा किंवा खात्याचा कागद कन्नडमध्ये आला आणि वाचता आला नाही तर तसाच कपाटात टाकू नका. त्याच दिवशी जाणत्याकडून वाचून घ्या आणि मागे पेन्सिलीने मराठीत लिहा: कशाबद्दल, उत्तराची मुदत कधी. कित्येकदा दंड मूळ रकमेपेक्षा मुदत चुकल्यामुळेच अंगावर येतो.

उधारीची खातेवही

सीमाभागात उधारी टळत नाही. गावाकडचं गिऱ्हाईक कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की देतो, आणि बिल कधी जमा होईल हे त्याच्याही हातात नसतं. म्हणून उधारी बंद करा असा सल्ला मी देणार नाही. ती लिहा, आणि नीट लिहा.

प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं पान. वर नाव, गाव, मोबाईल. खाली तारीख, बिल क्रमांक, रक्कम, जमा, बाकी. आता कायद्याचा एक भाग. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी कोर्टात जायची मुदत साधारणपणे तीन वर्षं असते. ती संपायच्या आत गिऱ्हाइकाने ‘इतकी बाकी मान्य’ असं लिहून सही केली तर त्या सहीपासून मुदत नव्याने मोजली जाते. तेव्हा वर्षातून एकदा, पाडव्याच्या सुमाराला, मोठ्या उधारीवाल्यांना पान दाखवून बाकीखाली सही घ्या. ‘अण्णा, वर्षाचा हिशेब मिटवतोय, एवढी सही करा’ एवढंच म्हणायचं. भला माणूस याचा राग धरत नाही.

उद्यमबागेत कारखान्यांना जॉबवर्क करून देणाऱ्यांनी उद्यम क्रमांक बिलावर छापावा. सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवादारांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. मुदत टळली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही. माल पोचल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही चलनावर असली तरच याचा उपयोग होतो. शिवाय कारखाना तुमच्या बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापत असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर, सगळे २६एएस म्हणून ओळखतात त्या तक्त्यात, दर तिमाहीला पाहा. कापलेला पैसा तुमचाच आहे.

हद्द ओलांडली की हिशेब बदलतो

इतर ठिकाणच्या मार्गदर्शकात न सापडणारा भाग हाच, म्हणून नीट वाचा. बेळगावहून शिनोळी, निपाणीहून कागल, संकेश्वरहून गडहिंग्लज, चोर्ल्याने गोवा. आपल्याला हे शेजारचं गाव वाटतं, पाहुणेरावळे तिकडे, बाजार इकडे. जीएसटीच्या लेखी मात्र तो दुसऱ्या राज्यातला व्यवहार. कर्नाटकाचा क्रमांक २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे हेच असतात.

आधी मर्यादा. कर्नाटकात फक्त वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची. सेवा देणाऱ्याला हीच मर्यादा २० लाख. वस्तू आणि सेवा दोन्ही असतील तरीही २० लाखच धरा. मोटर विकणारा आणि रिवाइंडिंगही करून देणारा दुकानदार स्वतःला ४० लाखांत मोजतो आणि फसतो. उलाढालीत करमाफ मालाची विक्रीही मिळवायची असते. फक्त करमाफ मालच विकत असाल तर नोंदणीची गरज नाही, पण तो करमाफ होता हे दाखवणारी वही हवीच.

आता हद्दीचा प्रश्न. दुसऱ्या राज्यात करपात्र वस्तू पुरवली तर ४० लाखांची सूट लागू होत नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना अटींसह सवलत आहे, बाकीच्यांना नाही. शहापुरातून कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला कुरिअरने यंत्रमागाची साडी पाठवणाऱ्या ताईंची उलाढाल तीन लाख असली तरी त्यांनी हे आधी पाहावं. सेवेचं तसं नाही. बेळगावचा वायरमन शिनोळीत जाऊन मजुरीचं काम करून आला तर व्यवहार आंतरराज्य ठरतो, पण एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तेवढ्यामुळे नोंदणी लागत नाही. त्याने तिकडे वस्तूही विकून पोचवल्या तर गोष्ट वेगळी.

मग चंदगडचं गिऱ्हाईक स्वतः गणपत गल्लीत येऊन माल घेऊन गेलं तर? ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे: गिऱ्हाइकाकडे जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावर नोंदलेला त्याचा पत्ता हे पुरवठ्याचं ठिकाण (म्हणजे विक्री जिथे झाली असं कायदा धरतो ते), आणि पत्ता नोंदलेला नसेल तर तुमच्या दुकानाचं ठिकाण. बिलावर नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असं धरतात. ५०,००० किंवा त्याहून जास्त रकमेच्या करपात्र बिलावर नोंदणीकृत दुकानदाराला नाव-पत्ता लिहावाच लागतो. तेव्हा काउंटरवरच्या किरकोळ विक्रीची काळजी नको. माल तुम्ही हद्दीपलीकडे धाडत असाल तर मात्र बिल करण्याआधी विचार करा.

यासाठी खातेवहीत आणि बिलबुकात एक रकाना वाढवा: ‘कुठे’. त्यात फक्त ‘क’, ‘म’ किंवा ‘गो’ लिहायचं. महिन्याच्या शेवटी तीन बेरजा तयार मिळतात आणि सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा कर) कुठे, आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा) कुठे, हे अकौंटंटला विचारत बसावं लागत नाही. चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मिळवता येतो, पण योग्य खात्यात तो आधी पुन्हा भरावा लागतो.

कंपोझिशन योजना छोट्या व्यापाऱ्याला सोयीची आहे: दीड कोटींपर्यंत उलाढाल, व्यापाऱ्याला १ टक्का कर, रिटर्नचा व्याप कमी. पण या योजनेत दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. ज्याचं निम्मं गिऱ्हाईक चंदगड-आजऱ्याला माल पोचवून मागतं त्याने कुणी सांगितलं म्हणून कंपोझिशन घेऊ नये. उलट दुकानातच विक्री होत असेल तर मला हीच योजना बरी वाटते.

मालाची किंमत ५०,००० च्या वर असेल तर गाडीबरोबर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा दाखला) लागतं. जॉबवर्कसाठी मालकाने दुसऱ्या राज्यात माल पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. शिनोळीच्या कारखान्यातून मशिनिंगसाठी तुमच्याकडे आलेल्या कास्टिंगचं चलन आणि ई-वे बिल पाहूनच माल उतरवून घ्या, आणि दोन्हीची प्रत फाईलला लावा. तो माल तुमचा नाही, तुमच्या खरेदीत धरायचा नाही. त्याची आवक-जावक वेगळ्या वहीत नगांनी आणि वजनानी लिहा.

महिन्याच्या पाच तारखेपर्यंत

मागच्या महिन्याचा बँक उतारा आणि यूपीआयचा अहवाल डाउनलोड करा. प्रत्येक जमा रकमेसमोर एक शब्द लिहा: विक्री, वसुली, भिशी, उसने, भाडं. रोजमेळातली यूपीआय विक्री आणि बँकेतली जमा जुळवा. जीएसटी नोंदणी असेल तर तुमच्या खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या २बी या तक्त्यात दिसतात का ते पाहा, नसतील तर पुरवठादाराला त्याच आठवड्यात फोन करा. वर्षअखेरीला फोन केला तर तो ‘बघतो’ म्हणतो आणि वजावट लांबते.

रोखीचे दोन नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रत्यक्ष खर्च दाखवून नफा काढणार असाल तर एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिलेला खर्च मान्य होत नाही. आणि २०,००० किंवा त्याहून जास्त हातउसने रोखीने घेऊ नका, मित्राकडूनही नाही. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. बँकेतून घ्या.

वर्षअखेर आणि प्राप्तिकर

३१ मार्चला दुकानातला माल मोजा आणि खरेदीच्या भावाने यादी करा. या यादीशिवाय खरा नफा निघत नाही.

छोट्या व्यावसायिकाला अंदाजे नफ्याची सवलत आहे, जी सगळे ४४एडी या जुन्या कलमाने ओळखतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, योजना राहिली. उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) असेल तर रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँक-यूपीआयने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरता येतो. समजा वर्षाची विक्री १८ लाख, त्यातली १२ लाख यूपीआयने आणि ६ लाख रोख. नफा ७२,००० अधिक ४८,०००, म्हणजे १,२०,०००. हे किमान आहे. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. कमिशन-दलालीचं उत्पन्न असणाऱ्यांना ही योजना मिळत नाही, मार्केट यार्डातल्या अडत्यांनी आणि विमा एजंटांनी हे लक्षात घ्यावं.

‘मग वही कशाला, सहा टक्के लिहिले की झालं’ असं अनेक जण म्हणतात. मला हे पटत नाही. विक्री किती आणि त्यातली रोख किती, हे वहीशिवाय कळणार कुठून? शिवाय दोन वर्षांनी दुसरं मशीन घ्यायला बँकेत गेलात की व्यवस्थापक मागच्या रिटर्नमधला नफा पाहून कर्ज ठरवतो.

अकौंटंटकडे जाताना पिशवीभर कागद नेऊ नका. महिनावार विक्री-खरेदीचा तक्ता, उधारी येणे-देणे यादी, मालाची यादी, बँक उतारे, टीडीएसचा तपशील आणि सोसायटीतल्या पिग्मीचा व्याजदाखला, एवढं एका फाईलमध्ये न्या. रिटर्न भरल्यावर त्याची प्रत आणि पोचपावती स्वतःजवळ ठेवा, पोर्टलचा पासवर्डही स्वतःकडेच. नोंदणीला मोबाईल क्रमांक आणि ईमेल तुमचा द्या, अकौंटंटचा नको. सूचना तिथेच येतात.

जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. प्राप्तिकराचं धरून सरसकट आठ वर्षं ठेवा. दरवर्षीची फाईल वेगळी, पाठीवर वर्ष लिहिलेलं. आपल्याकडच्या पावसात लोखंडी कपाटातही ओल येते, म्हणून जूनच्या आत वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा आणि फोटोंची एक प्रत मोबाईलबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये, काढून ठेवा.